आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाच्या अभ्यासातील उंदीर : वंशावळीच्या नोंदीचा इतिहास

प्रस्तावना

कर्करोगाचा इतिहास सामान्यतः रुग्णालयांचा, शस्त्रक्रियांचा आणि औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रयोगशाळेतील उंदराला त्यात फार तर तळटीपेची जागा मिळते. वास्तविक आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग जनुकात बदल झालेल्या अथवा हेतुपुरस्सर बदल घडवलेल्या उंदरांच्या पिढ्यांमधून आलेला आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, जीवशास्त्राचा नव्हे. त्यामुळे या उंदराकडे पाहताना त्याला सर्वप्रथम दिसते ती वंशावळ : कोणाचा जन्म कोणापासून, कोणत्या दिवशी, मृत्यू केव्हा आणि कशाने, याची अखंड नोंद. अशी नोंद ठेवणे हे मुळात आपले, म्हणजे इतिहासकारांचे काम होय.

या लेखाचा विषय पाटणच्या शिलालेखावरून सुचला असे म्हटल्यास वाचकांना आश्चर्य वाटेल. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या पाटण येथील देवीच्या मंदिरातील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले, ही हकीकत त्यात आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख भास्कराचार्यांच्या कुळाची वंशावळही देतो : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव. नऊ पिढ्यांची अशी सलग मालिका भारतीय विज्ञानाच्या इतिहासात विरळच. परंतु या नऊ नावांत एकही नाव स्त्रीचे नाही. विद्या पित्याकडून पुत्राकडे आली, हे सांगणे लेखाचे प्रयोजन होते आणि त्या प्रयोजनापुरती ही वंशावळ पूर्ण आहे. रोगाच्या दृष्टीने मात्र ती अर्धीच ठरते.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखक दरवर्षी आपापल्या घराची वंशावळ तयार करण्यास सांगतो. मौखिक इतिहासाचा तो प्राथमिक पाठ आहे. एका वर्षी त्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना घातला. ‘म्हातारपण’, ‘ताप’, ‘साप चावला’ अशा नोंदी अपेक्षित होत्याच. परंतु ‘पोटात गोळा होता’, ‘अंगातले रक्त आटले’, ‘पोटाच्या दुखण्याने गेला’ या नोंदीही पुन्हा पुन्हा आल्या. त्यांचे वैद्यकीय निदान आज कोणीच करू शकणार नाही. पोटातला गोळा म्हणजे कर्करोगच असे मानणे चूक होईल. लक्षात आली ती दुसरीच गोष्ट. जवळजवळ सर्व वंशावळींत आजी ‘आजी’ म्हणूनच संपत होती. तिचे माहेर, तिचे भाऊ, तिची आई यांचा पत्ता नव्हता. लग्न होऊन गेलेल्या आत्यांच्या नावापुढेही रेघ थांबलेली होती.

माणसाची वंशावळ : शिंपीण आणि कुटुंब ‘जी’

आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाच्या इतिहासाचा प्रारंभ उंदरापासून होत नाही. तो एका स्त्रीच्या बोलण्यापासून होतो. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने, आपण तरुणपणीच कर्करोगाने मरणार असे त्यांना सांगितले. कारण विचारता, आमच्या घरात सगळे असेच जातात, असे तिचे उत्तर होते. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने अल्पवयात मृत्यू पावली. वॉर्थिन यांनी तिच्या नातलगांची माहिती जमवून १९१३ मध्ये ‘कुटुंब जी’ या नावाने प्रसिद्ध केली. हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात अशाच इतर कुटुंबांचा अभ्यास केला आणि नंतर कुटुंब ‘जी’चा मागही पुन्हा काढला. आज हा विकार लिंच सिंड्रोम या नावाने ओळखला जातो. त्याचे मूळ पेशीतील जनुकीय चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतील दोषात आहे, हे १९९३ पासून उलगडत गेले. शिंपिणीच्या भाकितानंतर सुमारे शंभर वर्षांनी तिच्या कुळातील नेमका दोष एमएसएच-२ या जनुकात सापडला. नातलगांची नोंद ठेवली गेली नसती तर तो शोधायचा कोठे, हा प्रश्नच उरला असता.

दुसरा विकार अधिक ठळक आहे. त्यात किशोरवयापासून मोठ्या आतड्यात शेकडो, कधी हजारो मांसांकुर उगवतात आणि उपचार न झाल्यास साधारण चाळिशीपर्यंत त्यांपैकी एखाद्याचा कर्करोग होतोच. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२० च्या दशकापासून अशा कुटुंबांची नोंदवही ठेवण्यात आली. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ती व्यक्ती पिता असो वा माता. पाटणच्या धर्तीची केवळ पुरुषांची वंशावळ अशा घरात लिहिली गेली, तर मातेकडून आलेला रोग तिच्यात आकाशातून पडल्यासारखा दिसेल. येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. या विकाराच्या सुमारे चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. त्यामुळे निष्कलंक वंशावळ म्हणजे निरोगीपणाचा दाखला नव्हे.

मुंबईतील उंदीर

माणसाची पिढी पंचवीस वर्षांची, उंदराची दोन-तीन महिन्यांची. शिवाय भावंडांचा संकर वीस वा अधिक पिढ्या करत गेल्यास जवळपास एकसारख्या जनुकांचे उंदीर मिळतात. त्यांस अंतःप्रजनित वाण म्हणतात. क्लॅरन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये तयार केलेला सी-५७ ब्लॅक हा काळा वाण आजही जगभर वापरात आहे. लिटल यांनीच १९२९ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. (हेच लिटल सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते आणि १९५४ पासून अमेरिकी तंबाखू उद्योगाच्या संशोधन समितीचे वैज्ञानिक प्रमुखही. आनुवंशिकतेवर भर देणे तंबाखूवाल्यांना का सोयीचे होते, हे वाचकांना सांगावयास नको.)

या वाणांच्या नोंदवह्यांत एक गोष्ट प्रथमपासून होती : प्रत्येक पिलाच्या नावे आईचा क्रमांक. तिचे महत्त्व १९३६ मध्ये सिद्ध झाले. स्तनाचा कर्करोग अधिक असलेल्या वाणातील पिले कर्करोग कमी असलेल्या वाणातील मादीच्या अंगावर पाजली, तर त्यांच्यातील रोग बराच घटतो, असे जॉन बिटनर यांना आढळले. म्हणजे जे आनुवंशिक वाटत होते, त्यातील बराचसा वाटा आईच्या दुधातून येत होता. पुढे तो विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. केवळ पित्यांची नोंद असती तर रक्तातून आलेले आणि दुधातून आलेले यांतील भेद करताच आला नसता.

याच प्रश्नावर मुंबईत काम झाले, ही बाब आपल्याकडे पुरेशी परिचित नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ यांचे शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या. स्तनाच्या कर्करोगाची प्रवणता कमी-अधिक असलेल्या उंदरांच्या चार वाणांतील निरोगी स्तनग्रंथींच्या रचनेची तुलना हा त्यांचा विषय होता. १९४७ मध्ये खानोलकर व रणदिवे यांचा त्यावरील निबंध ब्रिटनमधील विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. रोग झाल्यावर नव्हे, तर रोग होण्यापूर्वीच्या ऊतीत काय वेगळे आहे हा प्रश्न विचारणे त्या काळात सोपे नव्हते.

बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ असे नाव मिळालेला उंदराचा वाणही येथेच घडला. स्तनग्रंथींच्या अर्बुदांचे प्रमाण त्यात अधिक असे. जन्मतः रुंद झालेल्या अन्ननलिकेमुळेही तो अभ्यासला गेला. म्हणजे कर्करोगासाठीचा स्वतःचा उंदीर मुंबईकडे होता. १९८२ मध्ये रणदिवे यांना पद्मभूषण मिळाले, २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. ही संस्था आज ॲक्ट्रेक या नावाच्या केंद्राचा भाग म्हणून खारघर येथे कार्यरत आहे.

‘मिन’ : फिकट पंज्यांचा उंदीर

रणदिवे यांचे उंदीर निवडून, संकर करून मिळालेले होते. कोणत्या जनुकामुळे रोग होतो हे त्यांवरून सांगता येत नसे. ती पायरी विस्कॉन्सिन विद्यापीठात ओलांडली गेली. तेथे विल्यम डव्ह यांच्या प्रयोगशाळेत नर उंदरांना ईएनयू हे जनुकांत चुका घडवणारे रसायन देऊन त्यांच्या संततीत काय उमटते ते पाहिले जात होते. आतड्याचा कर्करोग हा त्या शोधाचा मूळ हेतू नव्हता. एका वंशात वयात आलेले उंदीर पांढुरके पडू लागले. पंजे फिकट, अंगात रक्त कमी. विच्छेदन केले असता आतड्यात असंख्य अर्बुदे सापडली. रक्त तेथून झिरपत होते. एमी मोझर, हेन्री पिटोट आणि डव्ह यांनी १९९० मध्ये हा वंश ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ‘आतड्यांतील अनेक अर्बुदे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘मिन’ पडले.

‘अंगातले रक्त आटले’ ही आमच्या विद्यार्थ्याची नोंद आणि विस्कॉन्सिनच्या टिपणवहीतील ‘रक्तक्षय’ ही नोंद यांत लक्षणाचा फरक नाही. फरक हा की, तेथे पुढचा प्रश्न विचारला गेला : याच्या आईबापांचे, भावंडांचे काय झाले?

यानंतरचा वेग विलक्षण आहे. माणसातील मांसांकुरांच्या विकारास कारणीभूत जनुक पाचव्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये दिसले होते. १९९१ मध्ये ते हाती लागले आणि त्यास एपीसी म्हणण्यात आले. लगेच १९९२ मध्ये मिन उंदरातील दोषही त्याच जनुकाच्या उंदरातील प्रतीत, अठराव्या गुणसूत्रावर, असल्याचे सिद्ध झाले. रसायनाने आंधळेपणाने केलेली चूक नेमकी माणसाच्या रोगाच्या जागी पडली होती. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. मिन उंदीर एक बिघडलेली प्रत घेऊन जन्मतो आणि आतड्यातील एखाद्या पेशीत उरलेली चांगली प्रतही गेली की तेथे अर्बुद उगवते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या कर्करोगाच्या आकडेवारीवरून मांडलेला दोन आघातांचा सिद्धांत येथे अर्बुदागणिक पाहता आला. दोन्ही प्रती बिघडलेले पिलू तर जन्मासही येत नाही, गर्भातच नष्ट होते.

मिन उंदीर जेमतेम चार महिने जगतो. रक्तक्षयामुळे बाधित मादीला गर्भारपण झेपत नाही. म्हणून हा वंश बहुधा बाधित नर आणि निरोगी मादी यांच्यापासून पुढे नेतात.

मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट संकरातून कळली. काळ्या वाणात मिन उंदराच्या आतड्यात सरासरी तीसच्या आसपास अर्बुदे असतात. दुसऱ्या एका वाणाच्या जोडीदाराशी संकर केल्यावर पहिल्याच पिढीत ती सहाच्या आसपास येतात. दोष तोच, पण बाकीचे कूळ बदलले. १९९३ मध्ये त्यामागील एक ‘बदलकारी’ जागा नकाशावर दाखवता आली. एकाच घरातील दोन भावंडांत तोच जनुकीय दोष असताना रोगाची तीव्रता वेगळी का असते, याचे उत्तर शोधण्याची ही वाट होती. आणि ती निरोगी जोडीदाराच्या, म्हणजे बहुतेक वेळा मादीच्या, कुळातून जाते.

हेतुपुरस्सर घडवलेले उंदीर

मिन हा योगायोग होता. याच सुमारास भ्रूणातील मूळ पेशींत निवडक जनुक बदलून त्यापासून उंदीर वाढवण्याचे तंत्र सिद्ध झाले. त्यासाठी मारियो कापेची, मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता एपीसी जनुक कोठे तोडायचे हे संशोधक ठरवू लागले. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या एका वंशात मोजकीच अर्बुदे होत आणि उंदीर पुष्कळ दिवस जगत. जपानमधील दुसऱ्या वंशात ती शेकड्यांनी होत. जनुक एकच, पण तोडल्याची जागा वेगळी.

लिंच सिंड्रोमच्या बाबतीत उंदराने चांगलाच गुंगारा दिला. एमएसएच-२ जनुक पूर्ण काढून टाकलेले उंदीर प्रामुख्याने लसिका पेशींच्या कर्करोगाने लवकर मरत. आतड्याचा रोग होण्यास वेळच उरत नसे. मग ते जनुक केवळ आतड्याच्या अस्तरातच बंद होईल अशी योजना करावी लागली. मिन उंदराचीही मर्यादा आहे : त्याची अर्बुदे मुख्यतः लहान आतड्यात होतात, माणसाची मोठ्या आतड्यात. ही तफावत गौण मानून पुढे गेलेल्या अनेकांची फसगत झालेली आहे.

हळदीची साक्ष

हळदीचे प्रकरण याच फसगतीचे उदाहरण असून ते आपल्या जवळचे आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तो विजय रास्त होता. परंतु त्यानंतर हळद म्हणजे सर्वरोगहारी, असा एक अभिमानी सूर आपल्या लेखनात शिरला आणि त्याला उंदराचे पाठबळ मिळाले. २००० मध्ये मिन उंदरांच्या आहारात हळदीतील कर्क्युमिन ०.१ टक्का मिसळल्यावर अर्बुदे ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे प्रसिद्ध झाले. २००२ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत ही घट सुमारे ४० टक्के आढळली. २००६ मध्ये पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि क्वर्सेटिन एकत्र दिल्यावर मांसांकुरांची संख्या व आकार घटल्याचे नोंदवले गेले. अनेक लेख येथेच थांबतात.

२०१८ मध्ये ४४ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीचा निष्कर्ष आला. निम्म्यांच्या आसपास रुग्णांना वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, उरलेल्यांना त्याच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. मांसांकुरांच्या संख्येत वा आकारात दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

उंदीर खोटे बोलला असे यावरून म्हणता येत नाही. त्याला विचारला होता तो प्रश्न लहान आतड्याचा, जन्मापासून ठरावीक चारा खाणाऱ्या, एकाच वाणाच्या प्राण्याचा होता. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे शोषले जाते, हेही विसरता येत नाही. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर, बखर खोटी नसते, पण ती कोणासाठी लिहिली हे पाहिल्याशिवाय तिच्यावरून निवाडा करता येत नाही. उलट उदाहरणही आहे. जपानी गटाने १९९६ मध्ये कॉक्स-२ हे जनुक काढलेल्या उंदरांत मांसांकुर कमी होतात असे दाखवले. त्या प्रथिनाला रोखणारे सेलेकॉक्सिब रुग्णांना दिल्यावर सहा महिन्यांत मांसांकुर २८ टक्के घटले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी त्यास मान्यता मिळाली. तरी कर्करोग टळतो हे सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये ती मान्यता कंपनीने मागे घेतली. मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया आणि कुटुंबीयांची नियमित दुर्बिणीद्वारे तपासणी, हाच आजही या विकारातील मुख्य उपाय आहे.

नोंदीचा प्रश्न

तपासणी कोणाची करायची, हे मात्र वंशावळच सांगते. टाटा स्मारक केंद्रात आनुवंशिक कर्करोगाची शंका असलेल्या रुग्णाला प्रथम कुटुंबाविषयी विचारतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, बाधित व्यक्तीची आकृती भरीव. आईकडचे व वडिलांकडचे किमान तीन पिढ्यांचे नातलग. रुग्णाजवळ ही माहिती बहुधा नसते. याचे एक कारण अज्ञान, दुसरे भीती. घरात रोग आहे असे कळले तर मुलींची सोयरीक जमणार नाही, असे स्पष्टपणे सांगणारे पालक प्रस्तुत लेखकाने चाळीसगाव तालुक्यात पाहिले आहेत. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या वॉर्थिन यांनी शिंपिणीचे ऐकले, त्यांच्याच लेखनात पुढे अशा कुटुंबांना ‘हीन वंश’ ठरवणारी भाषा आली. नोंद ठेवणारा आणि शिक्का मारणारा एकच असू शकतो. म्हणून मृत्यूच्या कारणाचा रकाना आम्ही आता ऐच्छिक केला आहे आणि तो कागद वर्गात वाचला जात नाही, विद्यार्थ्याजवळच राहतो.

बंधनकारक केलेला रकाना दुसरा आहे : आजीचे आणि पणजीचे माहेर व तेथील भावंडे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हा कागद परत करण्यास तीन आठवडे उशीर केला. तिची आजी भडगावची, पणजी नांदगावकडची. दोन्ही गावी जाऊन ती माहिती घेऊन आली होती. वडिलांच्या बाजूला सात पिढ्यांची नावे होती, ती भाटाच्या चोपडीतून उतरवलेली. आईच्या बाजूला पिढ्या तीनच. पण वर्तुळे अकरा होती आणि त्यांपैकी नऊ जणींची नावे होती.